अंगठ्यापासून सुरुवात करा

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
सेंट जॉर्ज किल्ला, मुंबई.

विषय : कंधारच्या भुईकोटात संग्रहालय करण्याबाबत, आणि ते कसे करू नये याबाबत.

महोदय,


पाकिटावर पत्ता घातला आणि हसू आले. किल्ल्याविषयीचे पत्र किल्ल्यातच चालले आहे! १८६२ नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईचा कोट पाडला. शहराला जागा हवी होती, कापसाचा पैसा आला होता, तोफांची भीती सरली होती. कोट गेला, नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. म्हणून आज चर्चगेटला गेट नाही, फोर्टात फोर्ट नाही, तरी लोकलमधला माणूस रोज त्याच नावांनी उतरतो. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या बाजूला त्या कोटाचा जो तुकडा वाचला, त्यात आपले कार्यालय आहे. जुन्या भिंतीला नवे काम द्यायचे म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला नको. मंत्रिमहोदयांऐवजी आपल्याला लिहितो आहे ते याच भरवशावर.

मी शाळामास्तर. तीस वर्षे इतिहास शिकवला, आता लातुरात निवृत्त. माझे गाव मात्र कंधार तालुक्यातले. ‘कंधार’ म्हटले की समोरचा एकदा दचकतोच. १९९९च्या डिसेंबरात विमान पळवून अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नेले, तेव्हा पुण्याच्या एका पाहुण्याने फोन करून विचारले होते, ‘‘तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना?’’ आमच्याकडे सगळे ठीक होते. तूर काढायला आली होती. राजकारणातल्या माणसाला कंधार म्हणजे केशवराव धोंडगे आठवतात, उरूस करणाऱ्याला दर्गा आठवतो. किल्ला आठवणारे कमी. नांदेडहून पन्नासेक किलोमीटरवर, मन्याडच्या खोऱ्यात, पाण्याने भरलेला खंदक अंगाभोवती घेऊन बसलेला हा कोट डोंगरावर नाही, म्हणून महाराष्ट्राच्या किल्लेप्रेमाच्या यादीतही नाही. घाम काढल्याशिवाय आपल्याकडे किल्ला किल्ला वाटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो, पण एका पोराच्या पायावरून.

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. सातवीचा वर्ग घेऊन मी कंधारला गेलो होतो. कंधारलगतच्या मानसपुरीत क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे मिळाले आहेत. आमच्याकडे बोलताना ‘खेत्रपाल’ म्हणतात. पाऊल, बोटे, हाताचा भाग. मूर्ती पन्नास फुटांहून उंच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे मी वर्गात सांगितले होते. पोरांनी ‘हो सर’ म्हटले होते, म्हणजे काहीच ऐकले नव्हते. तिथे गेल्यावर एकाने चप्पल काढली आणि आपले पाऊल त्या दगडी अंगठ्यावर ठेवले. बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, याचा अंगठा एवढा, तर ह्यो माणूस केवढा?’’

तो इतिहासाचा तास नव्हता, गणिताचा झाला. मी म्हटले, आपले पाऊल मोज, आपली उंची मोज. पोरे एकमेकांना भिंतीला टेकवून मोजू लागली. पाऊल उंचीच्या साधारण सहावा-सातवा हिस्सा निघाले. मग दगडी पाऊल मोजले आणि गुणाकार केला. उत्तर पन्नासच्या वर गेले, तेव्हा सगळ्यांनी एकदम वर पाहिले. वर काही नव्हते, आभाळ होते. पण पोरांच्या माना जिथवर वळल्या तिथवर तो खेत्रपाल त्या दिवशी उभा होता, हे मी शपथेवर सांगतो.

मला हवे असलेले संग्रहालय एवढेच आहे. बाकीचे पत्र त्याच्याच तपशिलाचे.

क्षेत्रपाल म्हणजे शिवाराचा राखणदार. सीमेवर उभा राहायचे आणि आत वाईट काही येऊ द्यायचे नाही, हेच त्याचे काम. तटबंदीचेही काम तेच. पन्नास फुटी राखणदार घडवणाऱ्यांची ऐपत आणि भीती, दोन्ही मोठ्या असणार. राष्ट्रकूटांचा तो काळ. ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वेरूळचे कैलास ज्यांच्या राज्यात कोरले गेले, त्यांनी मोठेपण मिरवायला नाव घेतले ते आमच्या लातूरचे. आज लातूर म्हटले की शिकवण्या आणि रेल्वेने आलेले पाणी आठवते, तो भाग वेगळा. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात जगत्तुंगसमुद्राचे नाव येते, आणि जगत्तुंगसागर तलाव तिथे आजही आहे. लेखातले नाव वाचावे आणि चार पावलांवर त्याच पाण्यात म्हैस डुंबताना पाहावी, असे योग काचेच्या कपाटात जुळून येत नाहीत.

म्हणून पहिली विनंती अशी की या खेत्रपालाचे तुकडे कंधारबाहेर नेऊ नका. छत्रपती संभाजीनगरला नको, मुंबईला तर नकोच. आणि सिमेंटने जोडून उभाही करू नका. गावात कुणीतरी उत्साही निघेल, ‘पन्नास फुटी पुतळा करू, सेल्फी पॉइंट होईल’ म्हणेल. त्याला हात जोडून नाही म्हणा. किल्ल्याच्या मोकळ्या पटांगणात चुन्याने किंवा फरशीच्या पट्टीने त्या मूर्तीची आडवी बाह्यरेषा आखा आणि प्रत्येक तुकडा त्याच्या जागी ठेवा. पाऊल पावलाच्या जागी, हात हाताच्या. जिथे तुकडा मिळाला नाही तिथे नुसती जमीन. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लेकरू चालत जाईल, पावले मोजेल आणि मग स्वतःच वर बघेल. खर्च किती? एका कमानीच्या भूमिपूजनाच्या मांडवाइतका.

दुसरी गोष्ट एका चित्राची. शहाजहानच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास म्हणजे ‘पादशाहनामा’. त्याची शाही प्रत १७९९ साली अवधच्या नवाबाने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला भेट दिली. ती आज विंडसरच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात आहे. तिच्यात एक चित्र आहे, पयाग या चित्रकाराच्या हातचे मानले जाणारे : कंधारचा वेढा, मे १६३१. ‘कंदाहार’ वाचून कुणालाही अफगाणिस्तानच वाटावे, पण हा वेढा दख्खनचा आहे, आमचा आहे. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. हबशाच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला होता, तो असेपर्यंत मुघलांना दख्खन पचली नाही. तो गेला आणि पाच वर्षांत मुघलांच्या नासिरी खानाने कंधार घेतले. त्याच साली धारूरही पडले. त्याचेही चित्र त्याच पोथीत आहे.

विचार करा, महोदय. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या तटावर तोफा डागल्या जात आहेत, याचे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे चित्र उपलब्ध आहे. जगभरचे अभ्यासक ते पाहून पयागच्या धुराची आणि उजेडाची तारीफ करतात, आणि कंधारच्या बसस्टँडवर शंभर माणसांना विचारले तर एकाला ठाऊक नसेल. दोष त्या शंभरांचा नाही. पयागने तरी कंधार डोळ्यांनी पाहिले असेल का, कोण जाणे. पण त्याच्या चित्राची भिंतभर मोठी छपाई करून ती किल्ल्याच्या आतल्या एखाद्या सावलीच्या ओवरीत लावा. पाहणाऱ्याने आधी चित्र बघावे, मग बाहेर येऊन तट बघावा. चित्रकाराने काय खरे काढले आणि काय ठोकून दिले, याचा वाद तिथे रोज झाला पाहिजे. वाद झाला म्हणजे संग्रहालय चालले.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्याच खात्याचा वारसा. मराठवाड्यापुरते आपले खाते १९६० पासून नाही, त्याहून जुने आहे. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम याजदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठ्यावरचे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत, बिदरवरचा तर आजही कुणाला टाळता येत नाही. त्यांनीच कंधारच्या किल्ल्यातले फारसी-अरबी शिलालेख वाचून शंभर वर्षांपूर्वी छापले. म्हणजे दगडही आहे आणि दगडाचे वाचनही आहे. मधले अंतर तेवढे राहिले आहे. ते वाचन इंग्रजीत, मोठ्या ग्रंथालयात, दगड कंधारात, आणि बघणारा मराठी किंवा दखनी बोलणारा. प्रत्येक लेखापाशी मराठीत आणि उर्दूत चार ओळी लावा. कोणी लिहिला, कधी, काय म्हणतो. मराठी सोपी हवी. ‘सदर वास्तूच्या ईशान्येस स्थित’ असली मराठी दगडालाही कळत नाही.

आता ‘संग्रहालय’ या शब्दाविषयी. हा शब्द कानावर पडला की आमच्याकडच्या गुत्तेदाराच्या डोळ्यांपुढे एक आरसीसीची इमारत येते, तिला काचा, आत फॉल्स सीलिंग, बाहेर कारंजे. आणि संध्याकाळी लेझरचा खेळ. मी एका किल्ल्यात हे काम जवळून पाहिले आहे, कुठे ते सांगत नाही. जुन्या चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरले होते आणि पहिल्या पावसात चिरा तसाच राहून सिमेंटच ओठासारखे बाहेर आले. मजूर म्हणाला, ‘‘चुना कोण मळणार गुर्जी, टाइम किती जातो.’’ त्याचे खरे होते. निविदेत मुदत होती, चुन्याला मुदत कळत नाही.

किल्ल्यात संग्रहालय बांधायचे नसते, महोदय. किल्ला हाच पहिला नग. दूर पोलंडात क्राकाव शहराच्या वेशीपुढे १४९९ च्या सुमारास बांधलेला एक गोल कोट आहे. आपल्याकडे दरवाजापुढे रेवणी बांधायचे, त्याच जातीचा, शत्रूला तोंडावर अडवून चहूबाजूंनी मारायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहराचा तट पाडायचे ठरले, मुंबईसारखेच. राद्वान्स्की नावाच्या एका प्राध्यापकाने सभेत अडून बसून तेवढा गोल कोट आणि वेशीचा भाग वाचवला. युक्तिवाद काय, तर हा आडोसा गेला की उत्तरेचा वारा थेट गावात शिरेल आणि लोक आजारी पडतील! इतिहासाच्या प्रेमाने कोणी ऐकले नसते, पडशाच्या भीतीने ऐकले. आज तो कोट तिथल्या शहर-संग्रहालयाचा भाग आहे. आत सामान फारसे नाही. माणसे भिंतच बघायला जातात.

पोलंड लांब पडतो, तर आपल्या दख्खनचेच घ्या. विजापूरच्या गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात १८९२ पासून संग्रहालय आहे. जिथे नगारा झडत होता, तिथे शिलालेख मांडले आहेत. बिदरच्या किल्ल्यात शाही हमामखान्यात आहे. दोन्हीकडे नवी इमारत उभारली नाही, जुनीच झाडूनपुसून कामाला लावली. खुद्द आपल्या खात्यानेही छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात हेच केले आहे. उदगीरचा माणूस सकाळी निघून बिदर बघून संध्याकाळी घरी येतो आणि विचारतो, ‘‘आपल्याकडं का नाही?’’

उदगीरचा विषय निघालाच आहे. लातूर जिल्ह्यातले दोन भुईकोट, उदगीर आणि औसा, कंधारबरोबरच आपल्या मनात असतील. तिथेही कधी संग्रहालय करायचे झाले तर एक भीती आत्ताच सांगून ठेवतो. तिन्ही ठिकाणी तेच फलक, त्याच प्लास्टिकच्या तलवारी आणि त्याच मावळ्याचा पुतळा बसू नये. उदगीरला एकच दिवस पुरे आहे : ३ फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवले आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख तहात पदरात पाडून घेतला. इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या तोफा भाऊंच्या बाजूने होत्या. त्याआधी तीनच आठवडे, १० जानेवारीला, दत्ताजी शिंदे यमुनेच्या बुराडी घाटावर पडले होते. विजयाच्या आनंदावर उत्तरेची ती बातमी येऊन आदळली आणि उदगीरच्या विजेत्यालाच उत्तरेत पाठवायचे ठरले. वर्ष पुरे होण्याआधी पानिपतावर भाऊही गेले आणि गारदीही. शाळेत आम्ही पानिपत शिकवतो, पण त्याचा उंबरठा आमच्याच जिल्ह्यात आहे हे सांगायचे राहून जाते. उदगीरच्या किल्ल्यात एक दालन करा आणि त्यात ते एक वर्ष मांडा. बाकी काही नको.

औशाची गंमत निराळी. भोवतीचा मुलूख उंच आणि किल्ला सखल खळग्यात. त्यामुळे आतून लांबवर दिसते, बाहेरून मात्र किल्ला डोळ्यांत भरत नाही. तिथे पाटी लावण्यापेक्षा अर्ध्या मैलावर एक बाक ठेवा. माणूस बसेल, किल्ला शोधेल आणि न सापडल्यावर त्याला त्या बांधणाऱ्याची अक्कल कळेल.

हे सगळे करायचे कोणी? इथे मला तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव घ्यायचे आहे. हा गावातला व्यापारी माणूस. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीतून मणी, नाणी, खापरे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लोक आणून देत, हे जपून ठेवत. वर्षानुवर्षे. त्यांच्या दुकानदारीच्या शिस्तीतून हजारो वस्तू वाचल्या आणि तेरचे सरकारी संग्रहालय त्यांच्या नावाने उभे राहिले. तिथल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे नाते इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जोडले जाते. संग्रहालयाची सुरुवात इमारतीपासून होत नाही, ‘हे कुठे सापडलं रे?’ या प्रश्नापासून होते. दुकानदाराला ते उपजत कळते, कारण खतावणीत नोंद नसलेला माल त्याच्या लेखी मालच नसतो.

म्हणून माझी खरी मागणी पैशांची नाही. कंधारच्या किल्ल्यात आणि गावात जे जे शिल्प, जो जो कोरीव दगड, जी तोफ, जो लेख आहे, त्याची एक नोंदवही करा. प्रत्येकाला क्रमांक, फोटो, माप आणि मिळाल्याची जागा. जैन तीर्थंकर असो, शिवमंदिराचा खांब असो, कुफी वळणाचे अक्षर असो, वही एकच. या कोटात राष्ट्रकूटांपासून बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मुघल, आसफजाही असे एकावर एक थर आहेत. हल्ली प्रत्येक थराला वेगळा कैवारी मिळतो आणि तो बाकीचे थर खरवडू पाहतो. नोंदवहीत मात्र क्रमांक सातच्या पुढे क्रमांक आठच येतो. ती वही कंधारमध्येच ठेवा, एक प्रत तहसिलीत, एक ग्रामीण भागातल्या कॉलेजात, एक आपल्याकडे. कोणालाही पाहायला मिळाली पाहिजे. ज्या दगडाचा फोटो आणि माप चार ठिकाणी आहे, तो रातोरात कोणाच्या बंगल्याच्या बागेत जात नाही.

आणि पहारेकरी. किल्ल्यावर पहिला भेटणारा माणूस तोच, शेवटचाही तोच. त्याला आपण शिट्टी देता. त्याला महिनाभर सुटी देऊन विजापूर, बिदर, तेर दाखवून आणा. परत आला की त्याच्या हाती ती वही द्या. आमच्याकडची माणसे गोष्ट सांगण्यात कमी नाहीत. खरी गोष्ट हाताशी नसली की खोटी सांगतात, एवढेच. किल्ल्याखाली नांदेडपर्यंत जाणारे भुयार मी लहानपणापासून ऐकतो आहे. पन्नास किलोमीटरचे! पाणी प्यायची सोय, बायकांसाठी नीट मोरी, उन्हाळ्यात बसायला लिंबाची सावली, हे मी वेगळे लिहीत नाही. पण सहलीच्या मास्तरणीला विचारा, ती तुम्हाला आधी मोरीचे विचारील आणि मग राष्ट्रकूटांचे.

‘एवढ्याशा कामाला खुले पत्र कशाला, अर्ज करायचा,’ असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. अर्जाला आवक क्रमांक मिळतो. पत्र चार लोक वाचतात आणि त्यातला एखादा रविवारी लेकरांना घेऊन कंधारला जातो. मला दोन्ही हवे होते, म्हणून अर्जही जोडला आहे.

शिवाय एक वस्तू देणे लागतो. त्या सहलीत पोरांनी केलेली मापे मी एका शंभर पानी वहीत उतरवून घेतली होती. पाऊल, बोटे, खंदकाची दिसेल तेवढी रुंदी, दरवाजाचे खिळे मोजायचा प्रयत्न, आणि मध्येच कोणीतरी काढलेले म्हशीचे चित्र. मापे चुकली असतील, टेप शिलाईकामाचा होता. ज्याने अंगठ्यावर पाऊल ठेवले होते, त्याचे त्या वेळचे पाऊलही एका पानावर पेन्सिलने आखलेले आहे. आपला माणूस नोंदी घ्यायला कंधारला येईल तेव्हा कळवा. मी वही घेऊन लातूरहून पहिल्या एसटीने येतो. तुलनेला ते पाऊल उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक
लातूर